कुंडीतली काकडी: पुण्याच्या गच्चीवर आणि बाल्कनीत

काकडी उगवायला सोपी. बी टाकलं की चार-पाच दिवसांत दोन जाड दलं वर येतात, पंधरवड्यात खरखरीत पानं दिसतात आणि महिन्याभरात वेल ग्रिलवर चढतो. अडचण त्यानंतर सुरू होते. पिवळी फुलं भरपूर येतात, करंगळीएवढ्या काकड्या धरतात आणि पिवळ्या पडून गळतात. ज्या टिकतात त्या वाकड्या, नाहीतर कडू. मग बियाण्याला नावं ठेवली जातात, खतं बदलली जातात, फवारे मारले जातात. बहुतेक घरांत दोष यातल्या कशाचाच नसतो. कुंडी लहान असते आणि पाणी कधी कमी, कधी जास्त मिळतं, एवढंच.

काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असतं. वेलाची पानं मोठी आणि पातळ, मुळं मात्र वरच्या थरातच पसरणारी. आठ इंची कुंडीत मोठा झालेला वेल एप्रिलच्या दुपारी बघता बघता माती कोरडी करतो. त्यामुळे कुंडी मोठी कशी घ्यायची आणि ओल एकसारखी कशी राखायची, या दोन गोष्टींवर या लेखात जास्त जागा खर्च केली आहे.

हंगाम

पुण्यात कुंडीतल्या काकडीला दोन हंगाम चांगले. उन्हाळी पिकासाठी संक्रांतीनंतर दोन-तीन आठवडे थांबायचं आणि फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात बी लावायचं. तोवर रात्रीचा गारठा उतरलेला असतो, आणि एप्रिल-मेची होरपळ सुरू होण्याआधी वेल फळावर येतो. पावसाळी पिकासाठी पालख्या पुण्यातून पुढे गेल्या की बी लावायला हरकत नाही. जूनअखेरचं बी ऑगस्टमध्ये काकडी देतं, म्हणजे श्रावणातल्या उपासाच्या खमंग काकडीला घरचा माल मिळतो.

सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तिसरी लावणी करता येते, पण ऑक्टोबर सरता सरता भुरी (पानावर पिठासारखा पसरणारा बुरशीचा रोग) येते हे धरून चालायचं. नोव्हेंबर-डिसेंबरात लावू नका. रात्रीचं तापमान १५ अंशांखाली गेलं की वेल नुसता बसून राहतो, आणि पुण्यात थंडीत ते १०-१२ अंशांपर्यंत सहज उतरतं.

बियाणं

'पूना खिरा' ही आपल्या भागाच्या नावाची जुनी जात. फळ आखूड, फिकट हिरवं-पिवळसर, पिकल्यावर तांबूस तपकिरी. चव उत्तम, पण उशिरा तोडलं तर साल जाड होते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची 'हिमांगी' पांढरट फळाची, कुंडीत चांगली येणारी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'शीतल' पावसाला सोसणारी. पहिल्यांदा लावणाऱ्याने यांपैकी एक घ्यावी. बियाणं शिवाजीनगर, मार्केट यार्ड परिसरातल्या कृषी सेवा दुकानांत पाहा. पाकिटावर चाचणीची तारीख आणि वापरायची मुदत छापलेली असते, ती वाचूनच घ्या.

ज्यांची बाल्कनी सातव्या-आठव्या मजल्यावर आहे त्यांनी वेगळा विचार करावा. तिथे मधमाश्या कमी फिरकतात. अशा ठिकाणी पॉलीहाऊससाठी निघालेलं 'पार्थेनोकार्पिक' बियाणं बरं. त्याची जवळजवळ सगळी फुलं मादी असतात आणि परागीकरणाशिवाय फळ धरतं. बी महाग असतं, पण चार वेलांना चारच बिया लागतात. ही जात साध्या काकडीशेजारी लावू नका. पराग मिळाला तर फळं टोकाला फुगीर आणि बेढब होतात.

तवसं, म्हणजे कोकणातली मोठी काकडी, मात्र कुंडीत लावायच्या फंदात पडू नका. धोंडसासाठी, म्हणजे तवशाच्या गोड केकसाठी, ते हवंच असतं हे खरं, पण त्या वेलाला मांडव आणि जमीन लागते.

बी गुलाबी किंवा हिरव्या रंगाचं असेल तर त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं. ते भिजत घालायचं नाही, हाताळल्यावर हात धुवायचे. साधं बी चार-सहा तास पाण्यात भिजवलं तर उगवण थोडी लवकर होते.

कुंडी, माती आणि वजन

एका वेलाला किमान २० लिटर माती. बारा इंच रुंद आणि बारा इंच उंच ग्रो बॅगेत काठापर्यंत साधारण २२ लिटर मावतात, म्हणजे ती एका वेलाची शेवटची मर्यादा. १५ बाय १५ इंची बॅग घ्या. तिच्यात ४० लिटरच्या आसपास माती बसते, दोन वेल सुखाने राहतात आणि मुख्य म्हणजे उन्हाळ्यात चूक माफ होते. रंगाचा २० लिटरचा रिकामा डबाही चालतो, पण तळाला आठ-दहा भोकं पाडा आणि बुडापासून एक इंचावर बाजूलाही चार पाडा. तळाची भोकं फरशीवर टेकून बंद होतात, तेव्हा ही बाजूची कामाला येतात.

काळी माती एकटी वापरू नका. भिजली की चिकट, वाळली की तडा, आणि तड्यात मुळं तुटतात. १५ इंची बॅगेसाठी दहा लिटरच्या बादलीने असं माप धरा: दीड बादली लाल किंवा पोयट्याची माती, एक बादली भिजवून फुललेलं कोकोपीट, एक बादली चाळलेलं गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत. त्यात १०० ग्रॅम निंबोळी पेंड आणि ५० ग्रॅम हाडांचा चुरा मिसळा. वर दोन इंच जागा मोकळी राहील, ती पाण्यासाठी हवीच. मिश्रण ओलं करून आठ-दहा दिवस तसंच ठेवा. निंबोळी पेंड सुरुवातीला तापते, ताज्या मिश्रणात बी टाकलं तर कोवळी मुळं करपतात.

कोकोपीटची वीट बादलीत भिजवा, पिळा, आणि ते पाणी फेकून पुन्हा भिजवा. त्यात क्षार असतात. हे दोनदा धुणं बरेच जण टाळतात आणि मग रोपाच्या पानांच्या कडा का वाळतात ते कळत नाही. शेणखत हातात घेऊन वास घ्या. शेणाचा वास येत असेल तर ते अजून कुजायचं आहे, वापरू नका. हुमणीच्या पांढऱ्या अळ्याही त्यातूनच येतात.

आता वजन. भिजलेली १५ इंची बॅग ३५ ते ४० किलो भरते. बाल्कनीत अशा बॅगा भिंतीलगत ठेवा, कठड्याच्या बाहेरच्या कडेला किंवा ग्रिलच्या बाहेर काढलेल्या पत्र्यावर नाही. सोसायटीच्या गच्चीवर ठेवणार असाल तर आधी विचारून घ्या, कारण पुढे गळतीचा वाद झाला की पहिलं बोट कुंड्यांकडेच जातं. प्रत्येक बॅगेखाली दोन विटा घाला. खालून हवा खेळते, पाणी निघताना दिसतं आणि तापलेल्या स्लॅबची धग मुळांपर्यंत पोचत नाही. काळ्या बॅगेला उन्हाळ्यात बाहेरून जुनं गोणपाट गुंडाळा.

पेरणी आणि ताटी

बी थेट बॅगेतच लावा. काकडीच्या मुळांना हलवलेलं आवडत नाही. ट्रेमध्ये रोप केलंच तर दोन खरी पानं येण्याच्या आत मातीच्या गड्ड्यासकट बदला. बी बोटाच्या अर्ध्या पेराएवढं, म्हणजे एक ते दीड सेंटिमीटर खोल. एका बॅगेत चार जागी एकेक बी. दहा-बारा दिवसांनी जोमदार दोन रोपं ठेवायची आणि बाकीची उपटायची नाहीत, कात्रीने कापायची. उपटताना शेजारच्याची मुळं सैल होतात. विरळणी करताना हात जड होतो, पण चार वेल ठेवले तर चौघांकडून मिळून दोघांपेक्षा कमी काकडी येते.

पुण्यात रोपाचा पहिला शत्रू किडा नसून कबुतर आहे. प्लास्टिकच्या बाटलीचं बूड कापून, झाकण काढून ती रोपावर पालथी घाला. तिसरं पान आलं की काढून टाका, नाहीतर आत रोप उकडतं.

ताटी रोप लहान असतानाच उभी करा, नंतर काठी खुपसली की मुळं दुखावतात. सहा फुटी बांबू बुरूड आळीत मिळतात, नायलॉनची जाळी आणि सुतळी बोहरी आळीत. जाळीचे चौकोन चार ते सहा इंची असावेत, म्हणजे हात आत घालून काकडी काढता येते. बारीक जाळीत फळ अडकून वाढतं आणि मधोमध आवळल्यासारखं होतं. बाल्कनीत ग्रिलच ताटी म्हणून वापरता येते. फक्त पश्चिमेचं लोखंडी ग्रिल एप्रिलमध्ये इतकं तापतं की वेलाचे तणावे (आधाराला गुंडाळणारे बारीक तंतू) भाजतात. तिथे ग्रिलपासून चार इंच आत सुतळीच्या उभ्या दोऱ्या बांधा.

ऊन रोज सहा तास तरी हवं. पूर्वेची आणि दक्षिणेची बाल्कनी उत्तम. मार्चअखेरपासून दुपारी १२ ते ४ या वेळेत ५० टक्क्यांची शेडनेट धरा, पण पाऊस सुरू झाला की ती काढा. ढगाळ दिवसांत जाळीखाली वेल नुसता लांबत जातो.

पाणी

रोप लहान असताना रोज २००-३०० मिलिलिटर पुरतं. वेल गुडघ्यापर्यंत आला की एक लिटर. फळं लागल्यावर, मार्च ते मे, एका वेलाला रोज तीन ते पाच लिटर लागतात. यातलं दोन-तृतीयांश सकाळी सातच्या आत, उरलेलं संध्याकाळी. हे आकडे ठोकताळे आहेत. खरी परीक्षा बोटाची: तर्जनी दोन पेरं मातीत घाला. गार आणि ओलसर लागलं पण माती बोटाला लडबडली नाही, तर वाफसा आहे, पाणी थांबवा. कोरडं लागलं तर तळातून पाणी येईपर्यंत द्या.

दुपारी दोन वाजता पानं मलूल दिसली की लगेच झारी उचलू नका. काकडीची पानं कडक उन्हात लवतातच. ऊन उतरल्यावर ताठ झाली तर काही बिघडलेलं नाही. सकाळी सात वाजताही मलूल असतील तर वेल तहानलेला आहे. आणि माती ओली असूनही सकाळी मलूल असतील, तर मुळं कुजत आहेत. तिथे आणखी पाणी म्हणजे उरलेला जीव घेणं. बॅग तिरकी करून पाहा, भोकं मोकळी करा, दोन-तीन दिवस पाणी बंद ठेवा.

मातीवर दोन इंच आच्छादन हवंच. उसाचं पाचट, सुकी पानं, नारळाच्या शेंड्या, काहीही चालेल. हे आच्छादन पाणी वाचवतं, शिवाय पावसाचे थेंब मातीवर आपटून चिखल पानांवर उडतो तोही थांबतो, आणि खालच्या पानांवरचे बरेच रोग त्या चिखलातून चढतात. आच्छादन खोडाला चिकटवू नका, दोन बोटं जागा सोडा.

ठिबक लावणार असाल तर ताशी चार लिटरचे दोन ड्रिपर प्रत्येक बॅगेला, खोडाच्या दोन्ही बाजूंना. पंधरा मिनिटांत बॅगेला दोन लिटर पाणी मिळतं. उन्हाळ्यात शनिवार-रविवार गावी जायचं असेल तर ठिबकाला टायमर लावा किंवा शेजाऱ्यांना किल्ली द्या. दोन दिवस कोरडा पडलेला वेल पाण्याने पुन्हा उभा राहतो, पण त्या आठवड्यातली फळं कडू निघतात आणि कळ्या गळतात.

कडूपणाचं कारण कुकुरबिटासिन नावाचं द्रव्य. ते पानांत नेहमीच असतं. पाण्याचा ताण आणि उष्णता वाढली की फळातही उतरतं, देठाकडे आणि सालीखाली जास्त. देठाचं टोक कापून फेस येईपर्यंत घासायची आपल्याकडची रीत आहे. फायदा होतो तो मुख्यतः टोक कापल्याने. तेव्हा दीड-दोन सेंटिमीटर कापा आणि साल काढा. तरीही जीभ आक्रसेल इतकी कडू लागली तर टाकून द्या. कोशिंबिरीत दही-साखर घालून ती खपवू नका, पोट बिघडतं. शेजारी दोडका किंवा कडू भोपळा लावल्यामुळे काकडी कडू होते हा समज चुकीचा आहे. त्यांचा संकर काकडीशी होतच नाही.

सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर महिन्याभरात मातीवर आणि बॅगेच्या भोकांशी पांढरा थर दिसतो. महिन्यातून एकदा बॅगेतून दहा-बारा लिटर गोडं पाणी सावकाश जाऊ द्या, क्षार धुऊन निघतात. पावसाळ्यात हे काम पाऊसच करतो. अशा पाण्यावर वाढणाऱ्या वेलाला चुलीची राख घालू नका.

फुलं आणि फळधारणा

पहिले आठ-दहा दिवस फुलं येतात आणि गळतात. घाबरू नका, ती नर फुलं असतात. मादी फूल ओळखायला सोपं: फुलामागे, देठाच्या जागी, काटेरी इवलीशी काकडी असते. तिला पराग मिळाला नाही तर ती पिवळी पडून सुरकुतते. पराग अर्धामुर्धा मिळाला तर एका बाजूच्या बिया भरतात, दुसऱ्या बाजूच्या नाहीत, आणि फळ वाकतं. वाकड्या काकडीची ही सगळ्यात नेहमीची गोष्ट आहे, खताची कमतरता नंतर.

मधमाश्या येत नसतील तर हाताने परागीकरण करा. सकाळी सात ते नऊ, फूल नुकतं उमललेलं असताना. ताजं नर फूल तोडा, पाकळ्या मागे सोला, मधला परागाचा भाग मादी फुलाच्या मधोमध तिन्ही बाजूंना हलकेच फिरवा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरतं. मऊ ब्रशनेही होतं, पण फुलानेच जास्त नेमकं होतं. दुपारपर्यंत पराग निकामी होत जातो आणि फूल मिटतं, म्हणून ऑफिसातून आल्यावर करू हा विचार सोडा. पावसाच्या झडीतही पराग भिजतो. अशा आठवड्यात फळं कमी धरली तर वेलाला दोष देऊ नका. जवळ झेंडू आणि तुळस फुलू दिली तर माश्यांची ये-जा वाढते.

खुडणीबद्दल बरीच गल्लत होते. पॉलीहाऊसवाले सगळ्या बगलफुटी (पानाच्या बगलेतून निघणाऱ्या बाजूच्या फांद्या) काढतात ते पाहून घरीही तसंच केलं जातं. साध्या जातींत मादी फुलं बगलफुटींवर जास्त येतात. त्या काढल्या तर हाती नर फुलंच राहतात. म्हणून जमिनीपासून दीड फुटापर्यंत, म्हणजे पहिल्या पाच-सहा पेरांवरची फुलं आणि फुटी काढा, वेलाला आधी अंग धरू द्या. त्यावरच्या प्रत्येक फुटीवर दोन पानं राखून पुढचा शेंडा खुडा. मुख्य शेंडा ताटीच्या टोकाला पोचला की तोही खुडा. पार्थेनोकार्पिक जातीला मात्र एकच सरळ खोड ठेवलेलं चांगलं.

खत

पहिले तीन आठवडे वेगळं खत लागत नाही. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी बॅगेला दोन मुठी गांडूळखत, आणि आठवड्याला एकदा दहापट पाणी घातलेलं जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन आंबवून केलेलं द्रवखत). रासायनिक चालत असेल तर फुलं येईपर्यंत १९:१९:१९, फुलं आल्यावर १३:०:४५ (हे आकडे विद्राव्य खतातल्या नत्र, स्फुरद, पालाशाचे टक्के), दोन्ही लिटरला दोन ग्रॅम, आठवड्याला एकदा, ओल्या मातीतच. गडद हिरवी, ताटाएवढी पानं आणि मादी फुलांचा पत्ता नाही, असं दिसलं तर नत्र (नायट्रोजन) जास्त झालंय. खालची पानं शिरांच्या मधे पिवळी पडत असतील तर लिटरला तीन ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट फवारा.

रोग आणि किडी

पावसाळ्यात केवडा नावाचा बुरशीजन्य रोग येतो. पानावर शिरांनी आखल्यासारखे टोकदार पिवळे ठिपके, आणि सकाळी पान उलटलं तर खाली करडी-जांभळट बुरशी. एकदा पसरला की आठ-दहा दिवसांत वेल वाळवतो. उपाय आधीच करायचे: संध्याकाळी पानं भिजवायची नाहीत, खालची पानं काढून हवा खेळती ठेवायची, आणि झड लागण्याआधी कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला अडीच ग्रॅम फवारायचं. फवारल्यानंतर पाकिटावर दिलेले दिवस गेल्याशिवाय काकडी तोडू नका. ठिपके दिसलेली पानं कचऱ्यात टाका, खताच्या ड्रममध्ये नाही.

भुरी याच्या उलट, कोरड्या हवेत येते. पानावर पीठ भुरभुरल्यासारखी दिसते. सुरुवातीलाच एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी आठवड्यातून एकदा, सकाळच्या उन्हात फवारलं तर आटोक्यात राहते. गंधक भुरीवर चालतं, पण कडक उन्हाळ्यात ते पानं करपवतं, म्हणून घरच्या बागेत त्याच्या वाट्याला न जाणंच बरं.

फळमाशी फळाला सुईएवढं छिद्र पाडून अंडी घालते. छिद्रातून डिंकासारखा थेंब येतो, फळ तिथे वाकतं आणि आत अळ्या होतात. फूल वाळलं की लगेच कोवळ्या फळावर मलमलची किंवा कागदाची पिशवी चढवा. दहा-बारा फळांच्या बागेला यापेक्षा खात्रीचा उपाय नाही. क्यू-ल्युअरचा, म्हणजे माशीला वासाने ओढणाऱ्या आमिषाचा सापळा लावा, पण त्यात नर माश्याच अडकतात, म्हणून पिशवीची जागा तो घेत नाही. किडलेलं फळ कुंडीत टाकू नका, कोष मातीतच होतात. पिशवीत बांधून दोन दिवस उन्हात ठेवा, मग फेका.

मावा, पांढरी माशी यांना पिवळे चिकट सापळे, आणि लिटरला पाच मिलिलिटर निंबोळी तेल, एक मिलिलिटर द्रवसाबण, पानाखालून, ऊन उतरल्यावर. एप्रिलात पानावर बारीक फिकट ठिपके आणि खाली जाळं दिसलं तर ती कोळी नावाची बारीक कीड आहे. तीन दिवस पानांच्या खालून सकाळी पाण्याचा जोराचा फवारा मारा. पानं आखडून हिरवी-पिवळी चितकबरी झाली तर तो मोझॅक विषाणू. त्याला औषध नाही. वेल कापून टाका आणि त्याच कात्रीने शेजारचा वेल छाटू नका.

तोडणी

बी लावल्यापासून ४०-५० दिवसांनी पहिली काकडी. फूल उमलल्यापासून आठ-दहा दिवसांत फळ तयार होतं, पावसाळ्यात त्याहूनही लवकर. एक दिवसाआड पूर्ण वेल चाळा, पानांमागे लपलेली काकडी हमखास सुटते. एक जरी काकडी वेलावर पिवळी होऊन बी धरू लागली, तरी वेलाचं नव्या फळांकडे दुर्लक्ष होतं. ओढून तोडू नका, कात्रीने थोडा देठ ठेवून कापा. चांगल्या सांभाळलेल्या वेलाला १२ ते २० काकड्या मिळतात. चौघांच्या घराला रोजच्या कोशिंबिरीपुरत्या हव्या असतील तर तीन-चार वेल एकदम लावण्यापेक्षा तीन आठवड्यांच्या अंतराने दोन-दोन लावा.

घरचं बी धरायचं असेल तर पूना खिरा किंवा हिमांगीसारख्या जातीचंच. हंगामाच्या शेवटी एक सरळ फळ वेलावर पूर्ण पिकू द्या, बिया गरासकट दोन दिवस पाण्यात आंबवा, बुडाशी बसलेल्या धुऊन सावलीत वाळवा. संकरित बियाण्याची पुढची पिढी आईसारखी निघत नाही.

तीन महिन्यांत वेल थकतो. पानं खालून वाळत वर जातात, फळं आखूड येतात. तेव्हा खत घालून त्याला ताणू नका, बुडातून कापा. त्या मातीत लगेच पुन्हा काकडी, दोडका, कारलं किंवा दुधी लावू नका. मुळं चाळून काढा, मातीला आठ दिवस ऊन दाखवा, एक बादली नवं गांडूळखत मिसळा आणि त्या बॅगेत मेथी किंवा पालक टाका.